नेहमी शांत

फोन नंबराचे पहिले सहा आकडे मी कागदावरून वाचून टाइप केले आणि उरलेले चार बोटांनी आपले आपण टाइप केले. मी वाचायच्या आधीच. म्हणजे आधी बोटांना कळलं, मग डोळ्यांना, आणि सगळ्यात शेवटी मला. नंबर माझ्या नवऱ्याचा होता. आमच्या केंद्राच्या फॉर्मवर मुलाचं नाव नसतं. वय, शाळेचा क्रमांक, पालकांचा फोन, बस. नाव वेगळ्या बंद पाकिटात जातं आणि ते पाकीट फक्त डॉक्टर उघडतात. मुलांच्या मनाचा मामला, उगाच चार लोकांत बोभाटा नको, म्हणून केलेला नियम. नियम चांगलाय. सहा वर्षं मी तो इमानेइतबारे पाळला, कधी कुठलं पाकीट उजेडात धरूनसुद्धा बघितलं नाही. आणि आता पाकीट बंदच होतं आणि नाव मला माहीत होतं. शेजारच्या टेबलावर फोनवाली कुणाच्या तरी आईला सांगत होती, "नंबर लागला की आम्हीच कळवू हो, तुम्ही सारखा फोन नका करत जाऊ." भिंतीवर साडेअकरा. सहामाहीचा शेवटचा दिवस. पाच वाजता यादी बंद होते, कॉम्प्युटर क्रम गोठवतो, आणि पुढचे सहा महिने ब्रह्मदेव खाली उतरला तरी तो हलत नाही.

वय तेरा. मुलगी. वरचा भाग वर्गशिक्षिकेनं भरलेला, ठळक, गोल अक्षरात. मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहते. डबा तसाच परत नेते. सगळ्या वह्यांवरचं स्वतःचं नाव खोडून टाकलं आहे. का, असं विचारलं तर हसते. हे मी तीनदा वाचलं. वह्यांना कव्हरं मीच घातली होती, जूनमध्ये, जेवणाच्या टेबलावर बसून, नावाच्या चिठ्ठ्याही मीच चिकटवल्या होत्या. त्यानंतर एकही वही मी हातात घेतलेली नाही. खालचा भाग घरच्यांचा. तिथलं अक्षर मुंगीएवढं. नवरा चष्म्याच्या दुकानात आहे, काचांचे नंबर बारीक चौकटीत लिहून लिहून त्याचं अक्षर तसं झालंय. 'मूल घरात शांत असते' या प्रश्नापुढे तीन चौकटी: नेहमी, कधी कधी, कधीच नाही. त्यानं 'नेहमी'वर खूण केली होती. आणि अगदी तळाला, 'आणखी काही सांगायचे असल्यास' या रकान्यात, जो मी टाइप करत नाही, कारण कॉम्प्युटरमध्ये त्याला जागाच नाही, आणि जो मी दोनअडीच वर्षांत वाचलेलासुद्धा नाही, तिथे लिहिलं होतं: मुलगी शांत असते. फार शांत असते. 'फार'खाली दोन रेघा होत्या, दुसरी कागद फाटेल इतकी दाबून ओढलेली.

मी त्याला फोन लावला. "फॉर्म तू भरलास?" मागे कुणीतरी भिंतीवरची अक्षरं मोठ्यानं वाचत होतं. मग तो म्हणाला, "तुझ्यापर्यंत आला का?" मी भडकले. "मग कुठे जाणार? सगळ्या जिल्ह्याचे फॉर्म माझ्याच डोक्यावर येऊन आदळतात, हे तुला ठाऊक नाही? मला ताकास तूर लागू दिली नाहीस." तो म्हणाला, "शाळेतून बाईंचा फोन आला, मी जाऊन आलो. आपली लेकच म्हणाली, आईला सांगू नका." मी विचारलं, का. त्यानं समोरच्या माणसाला 'एक मिनिट' म्हटलं, दुकानाबाहेर आला बहुतेक, गाड्यांचे आवाज यायला लागले. "म्हणाली, आईकडे आधीच खूप मुलं आहेत."

मी फोन ठेवला आणि 'जतन करा' दाबलं. दुसरं काय करणार? कॉम्प्युटरनं दोन सेकंद विचार केला आणि आकडा दाखवला. पाचशे अठ्ठ्याऐंशी. सहाशे चाळीस मुलांत पाचशे अठ्ठ्याऐंशी. आठवड्याला बारा मुलं डॉक्टरांपुढे जातात, कारण डॉक्टर एकच आहेत आणि तेही दोन दिवस. म्हणजे एक वर्ष. हा हिशेब मी झोपेत करू शकते. पण इतकी खाली का? डबा न खाणं, एकटं बसणं, नाव खोडणं, या सगळ्याला गुण आहेत. मग मी गुणांचा तक्ता उघडला आणि प्रश्न नऊवर बोट थांबलं. शांत: नेहमी, शून्य. कधी कधी, तीन. कधीच नाही, सहा. जितके गुण जास्त तितकं मूल अडचणीत, तितका नंबर वर. म्हणजे जे मूल कधीच शांत नसतं, आदळआपट करतं, ते वर. जे नेहमी शांत, ते बरं आहे, त्याला काय धाड भरलीय, जाऊ दे खाली.

आणि तो शब्द माझा आहे. तीन वर्षांपूर्वी फॉर्म नवा केला तेव्हा समिती बसली होती. जुन्या फॉर्मवर प्रश्न होता, मूल घुमं झालं आहे का? आया फणकारायच्या. घुमी काय हो, आमची मुलगी घुमी नाहीये, आणि रकाना कोरा सोडायच्या. समितीत एक म्हणाले, अबोल लिहू. दुसरे म्हणाले, अंतर्मुख. तिसऱ्यांनी अल्पभाषी काढलं, ते ऐकून चहावाल्यालासुद्धा हसू आलं. मी नुसती टाइप करायला बसले होते. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "शांत लिहा ना. शांतला कुठलीच आई नाही म्हणणार नाही." आमच्या मुख्य बाई म्हणाल्या, "वा! बघा, कळतं हिला." पुढचा आठवडाभर मी जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. मग गुण भरायला संगणकवाला आला, तरुण, घाईतला, पाठीवरची पिशवी न उतरवता टेबलाच्या कडेला टेकलेला. त्यानं विचारलं, "शांत म्हणजे चांगलंच ना?" तेव्हा साडेतीन वाजलेले असणार, कारण माझ्या कानाला फोन होता आणि फोनमध्ये टकळी होती.

टकळी म्हणजे माझी मुलगी. दीड वर्षाची असताना तोंड सुरू झालं ते बंदच होईना, म्हणून माझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं नाव. शाळेतून घरी आली की साडेतीनला तिचा मला फोन, रोज, न चुकता. किल्ली कशी अडकली, जिन्यात कोण भेटलं, पिवळी मांजर आज कुठल्या पायरीवर बसलीय, तिसऱ्या की सातव्या, आणि सातव्यावर असली तर तिचं काय बिनसलं असेल. पायऱ्यांचं तिचं एक शास्त्रच होतं. फोनवाली म्हणायची, "घे, आलं तुझं बातमीपत्र." त्या दिवशी मी फोनमध्ये म्हणाले, "जरा शांत बस गं, आई कामात आहे," आणि संगणकवाल्याला म्हणाले, "हो." की आधी 'हो' म्हणाले आणि मग तिला शांत बस म्हणाले? की तो 'हो' तिलाच होता, मांजरीबद्दलचा, आणि त्यानं तो आपला समजून घेतला? आता आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली तरी सांगता येत नाही. त्यानं आकडे भरले, मी सही केली. आणि साडेतीनचा फोन मागच्या वर्षी कधीतरी बंद झाला. कधी, तेही सांगता येत नाही. एवढंच आठवतं की एकदा सलग तासभर काम झालं आणि मला बरं वाटलं. घरी येणारे-जाणारे म्हणायला लागले, किती शांत झाली गं तुझी लेक, शहाणी झाली. आणि मी, जी दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचे फॉर्म भरते ती, म्हणायचे, वयच आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

कॉम्प्युटरमध्ये 'दुरुस्ती' नावाचं एक बटण आहे. टाइप करताना चूक झाली तर यादी बंद होईपर्यंत ती सुधारायची, आपला संकेतांक टाकायचा. गुणांचा तक्ता मला बदलता येत नाही, तो वरून मंजूर होऊन येतो. पण उत्तर बदलता येतं. मी इकडेतिकडे बघितलं, चोरासारखं, आणि 'नेहमी'वरची खूण काढून 'कधीच नाही'वर केली. माझी मुलगी कधीच शांत नसते. असं मी लिहिलं, सरकारी कॉम्प्युटरमध्ये, माझ्या संकेतांकानं. आकडा झाला चौऱ्याण्णव. दोन महिने. माझा श्वास मोकळा झाला, खोटं कशाला बोलू? दोन महिने मी रजा काढेन, डब्याशेजारी बसेन, वह्या बघेन. मग सहज, खरंच सहज, मी हाताशी असलेला दुसरा एक फॉर्म उलटा केला आणि तळचा रकाना वाचला. वय नऊ. 'पूर्वी गाणी म्हणायचा. आता आम्ही हाक मारली तरी वळत नाही. त्रास काहीच देत नाही.' खूण: नेहमी. मी तिसरा घेतला.

त्यानंतर जेवायला उठले नाही. कॉम्प्युटरला विचारलं, 'नेहमी' किती, तर म्हणाला दोनशे वीस. दोनशे वीस कागद मी कपाटातून काढले आणि नुसते तळचे रकाने वाचत गेले. लोकांनी किती लिहून ठेवलं होतं तिथे! चौकटीबाहेर, कडेनं वर, कागद उलटा करून. 'बोलायला लावलं तर डोळे मिटून घेते.' 'आजोबा गेल्यापासून.' 'चांगलं वागतो, फार चांगलं, भीती वाटते.' 'माझी मुलगी शांत आहे पण आधी अशी नव्हती हो.' हा 'हो' कुणीतरी फॉर्मवर लिहिला होता, समोर माणूस बसल्यासारखा. समोर कोण होतं? मी होते, आणि मी कागद पालथा टाकून पुढचा घेत होते. नऊ फॉर्म असे निघाले की मूल खरंच नुसतं शांत होतं, दुखणं दुसरंच होतं, अंथरूण ओलं करणं वगैरे. ते बाजूला ठेवले. उरले दोनशे अकरा, माझी धरून. त्यातला एक हातात आला आणि मी फोनवालीला हाक मारली. वरचा फोन नंबर आम्हा दोघींना पाठ होता, तो सोमवारवालीचा होता.

सोमवारवाली म्हणजे एक आई. दर सोमवारी दहाच्या ठोक्याला फोन करायची, नंबर लागला का हो? दीड वर्ष. फोनवाली तिची नक्कल करून दाखवायची आणि आम्ही हसायचो. वाईट नव्हतो, पण हसायचो. मग एका सोमवारी फोन आला नाही, पुढच्या सोमवारी नाही. फोनवाली म्हणाली होती, सुटलो बाई, बरं झालं असेल पोर. आता तिनं फॉर्म वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मी तिला सगळं सांगितलं, शब्द, तो 'हो', माझी मुलगी, चौऱ्याण्णव, सगळं. ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी आहे, एरवी तिच्या जिभेला हाड नाही. आज तिनं सरळ सोमवारवालीचा नंबर फिरवला. बराच वेळ वाजला. "केंद्रातून बोलतेय," एवढंच ती म्हणाली, मग नुसतं ऐकलं, आणि रिसीव्हर हळूच ठेवला. "काय म्हणाली?" मी विचारलं. "आता गरज नाही म्हणाली." "का?" "ते नाही सांगितलं." मन चिंती ते वैरी न चिंती, पण मनाला आवर कसा घालायचा?

अडीच वाजले होते. मी मुख्य बाईंच्या खोलीत गेले. त्या वर पाठवायचा अहवाल वाचत होत्या, यादी सहा महिन्यांत कशी आटोक्यात आली त्याचा. मी उभ्यानंच बोलले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तीन वर्षं?" म्हणाल्या. "हो." "आणि तुम्हाला आज कळलं." मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "तक्ता बदलायचा तर वर पाठवावा लागेल. पुढच्या सहामाहीत बघू." मी म्हटलं, "पुढची सहामाही म्हणजे ही मुलं आणखी सहा महिने तळाला." आता त्यांचा आवाज चढला. "आणि वरच्यांचं काय? काल एक मुलगा आणला होता, कपाळाला टाके पडलेत, भिंतीवर डोकं आपटतो. त्याच्या आईला काय सांगू, गप्प बसणारी पोरं तुमच्या पुढे गेली म्हणून? डॉक्टर एक आहे हो माझ्याकडे. एक! यादी उलटी केलीत, सुलटी केलीत, आठवड्याला बाराच." मी म्हटलं, "दुरुस्ती करता येते. एकेक फॉर्म. माझ्या संकेतांकानं." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "यात तुमचं कोणी आहे?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तोंडून निघून गेलं. "मुलगी आहे." "तिची दुरुस्ती केलीत?" "केली." "कधी?" "सगळ्यात आधी." बाहेर कुठेतरी नळ वाहत होता. मला त्या क्षणी रडायला आलं असतं तर बरं झालं असतं, पण नुसते कान तापले.

बाई उठल्या. अहवाल घेतला, पर्स घेतली. दाराशी थांबून म्हणाल्या, "पाच वाजेपर्यंत मी बैठकीत आहे. तुम्ही मला भेटला नाहीत." मग दोन पावलं जाऊन परत आल्या. "विचारणा झाली तर सगळं तुमच्या अंगावर येईल, मी मध्ये पडणार नाही. कळतंय ना?" मी म्हटलं, कळतंय.

पावणेतीन ते पाच. फोनवालीनं आयुष्यात पहिल्यांदा फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला आणि माझ्याशेजारी खुर्ची ओढली. ती फॉर्मचा क्रमांक वाचायची, मी टाइप करायची. नेहमी काढा, कधीच नाही घाला, संकेतांक, जतन. कधीच शांत नसतो. कधीच शांत नसते. जे मूल वर्षभर घरात एक शब्द बोललं नव्हतं त्याच्यापुढे मी लिहीत होते, कधीच शांत नसते. साठाव्या फॉर्मला फोनवाली म्हणाली, "काय गलका झालाय गं इथे," आणि आम्हाला दोघींना हसू फुटलं, नको तेवढं, आणि मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुढचा क्रमांक वाचला. सोमवारवालीचा फॉर्म आला तेव्हा मी थांबले. गरज नाही म्हणाली होती. नियमानं तो बंद करायचा. मी तोही दुरुस्त केला. आणि दर दहा-बारा फॉर्मांनी, फोनवालीच्या नकळत, मी पडद्याच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडून बघत होते. चौऱ्याण्णव होता तो आकडा. शंभर झाला. एकशे एकोणीस. प्रत्येक मूल वर चढताना माझ्या टकळीच्या डोक्यावर पाय देऊन चढत होतं, आणि त्याचा हात धरून चढवत होते मी. एकशे अडतीसला वाटलं, पुरे. एवढ्यांचं भलं झालं, बाकीच्यांचं पुढच्या वेळी, कोण विचारतंय? बोट जतनच्या बटणावर राहिलं. एकशे अडतीस म्हणजे तीन महिनेसुद्धा नाहीत. फोनवालीनं माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, आणि तिला कळलं. "मी काही बोलणार नाही," ती म्हणाली. "तुझी पोर आहे." तिच्या मांडीवर अजून सत्तरएक कागद होते. सगळ्यात वर ते 'आधी अशी नव्हती हो' होतं. मी म्हटलं, "वाच."

पाचला दहा कमी असताना फोनवालीचा मोबाइल वाजला. तिनं सवयीनं कानाला लावून म्हटलं, "नंबर लागला की" आणि थांबली, आणि माझ्याकडे फोन धरला. "तुझा मोबाइल पर्समध्येच वाजत राहिला असेल, ऑफिसचा लागत नाही म्हणून माझ्यावर केलाय. घे." चार फॉर्म उरले होते. मी फोन घेतला आणि ती माझ्या खुर्चीत सरकली, एका बोटानं टाइप करायला लागली. "आई," फोनमध्ये टकळी म्हणाली. त्यापुढे काहीच नाही. मला तिचा श्वास ऐकू येत होता. माझ्या जिभेवर सवयीचं वाक्य होतं, आई कामात आहे, आणि मी खरंच कामात होते. मी म्हटलं, "बोल. ऐकतेय."

"बाबांनी सांगितलं. फॉर्म तुझ्याकडे आला म्हणून."

"आला."

"माझा नंबर कितवा?"

सहा वर्षं हा प्रश्न मी काचेपलीकडून ऐकलाय. उत्तर ठरलेलं आहे, लागला की कळवू. मी खिडकी उघडायला सांगितली. फोनवालीनं उघडली. "दोनशे तीन," मी म्हटलं.

"म्हणजे कधी?"

"चार महिने. जवळजवळ."

"तुला पुढे नाही घेता आलं?"

"घेतलं होतं. मग बाकीच्यांनाही घेतलं."

"बरं," ती म्हणाली. रागानं नाही, आनंदानंही नाही. त्या 'बरं'चा अर्थ मला लागला नाही, आणि पूर्वी मला तिच्या प्रत्येक शब्दाचा लागायचा. फोनवालीनं शेवटचं जतन दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. पाच वाजले. पडद्यावरची यादी करडी झाली, आता कुणी हलवू शकत नव्हतं. टकळीनं फोन ठेवला नव्हता. मीही ठेवला नाही. चार महिने, मी मनात म्हणत होते, चार महिने, एकशे वीस डबे, आणि उद्यापासून कुठून सुरुवात करायची ते मला माहीत नव्हतं; एवढी वर्षं या इमारतीत काढून मला त्यातलं काहीही येत नव्हतं. फोनमध्ये काहीतरी हललं. दार असावं, किंवा खुर्ची.

"मांजर बसलीय जिन्यात," ती म्हणाली.

"कुठल्या पायरीवर?" मी विचारलं.